सभेत उभं राहणारं माणूस

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले होते. भाचीला तिची शाळा मला दाखवायची होती. शाळा बंद होती, पण व्हरांड्याला दार नाही, त्यामुळे आम्ही दोघी सरळ आत गेलो. नुकताच रंग दिलेल्या भिंतीवर एका बाजूला पाढे, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्राचा नकाशा आणि मधोमध, जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत असते तशी, नावांची यादी. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री, पालकमंत्री, जिल्हाधिकारी अशी उतरत उतरत केंद्रप्रमुखापर्यंत. भाची चौथीत आहे. तिला ती यादी तोंडपाठ होती आणि पाठांतर ऐकवायचा उत्साहही दांडगा. डोळे मिटून, हात मागे बांधून ती म्हणत गेली आणि मध्येच त्याच सुरात म्हणाली, "जिल्हा परिषद अध्यक्ष, माननीय श्री. प्रशासक. पंचायत समिती सभापती, माननीय श्री. प्रशासक." मग पुढचं नाव.

भिंतीवर खरोखरच तसं लिहिलं होतं. गुरुजींनी दोन्ही ओळींसमोर सुबक अक्षरात 'प्रशासक' लिहिलं होतं, आणि आधीच्या सगळ्या नावांना लागलेलं 'मा. श्री.' याही नावांमागे आलं होतं. गुरुजींचं काही चुकलं असं नाही. जे होतं तेच त्यांनी लिहिलं. पण भाचीला ते एका माणसाचं आडनाव वाटत होतं. हे गृहस्थ कुठले, असंही तिने मला विचारलं. मी तिला सांगायचा प्रयत्न केला, आणि सांगताना लक्षात आलं की २०२२ च्या मार्चात राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणूक न झाल्याने कारभार प्रशासक म्हणून सरकारी अधिकाऱ्यांकडे गेला तेव्हा ही पोर अंगणवाडीत सुकडी खात होती. शाळेत गेल्यापासून तिच्या जिल्ह्याला अध्यक्ष असा नव्हताच. ते वाक्य डोक्यातून जाईना. रात्री जेवताना अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं. ते हसले नाहीत. ताटातला भात बोटांनी सारखा करत बराच वेळ गप्प बसले.

अण्णा झेडपीत होते. आमच्याकडे कोणी 'जिल्हा परिषद' म्हणत नसे. 'झेडपी' हाच शब्द. नोकरीचा, पगाराचा, बदलीचा आणि घरातल्या अनेक उशिरा झालेल्या जेवणांचाही. कनिष्ठ सहायक म्हणून लागले, अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि त्यातली बरीच वर्षं सामान्य प्रशासन विभागात सभेच्या टेबलावर काढली. सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून एकदा आणि स्थायी समिती दर महिन्याला. विषयपत्रिका काढायची, नोटिसा धाडायच्या, सभेला एका कोपऱ्यात बसून टिपणं घ्यायची आणि नंतर इतिवृत्त लिहायचं. सभेची तारीख जवळ आली की अण्णांचा आवाजच बदलायचा. सायकलच्या कॅरिअरला लाल फडक्यात बांधलेली दप्तरं घरी यायची. सायक्लोस्टाइलच्या शाईचा उग्र, थोडा गोड वास त्यांच्या शर्टाला असायचा. आई तो शर्ट वेगळा भिजवायची. जेवणं झाली की सतरंजीवर कागद पसरायचे आणि मी शेजारी बसून पानांचे नंबर तपासायची. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. हे शब्द मला बे एके बेच्या आसपासच पाठ झाले असावेत.

एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून त्यांनी मला सभेला नेलं. प्रेक्षकांच्या बाकावर एका ओळखीच्या शिपाईमामांजवळ बसवून ते कामाला लागले. वर व्यासपीठावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, सभापती, मुख्य कार्यकारी अधिकारी. समोर अर्धगोलात सदस्य. कडेच्या खुर्च्यांवर खातेप्रमुख, मांडीवर फायली घेऊन. बांधकामचे कार्यकारी अभियंता, पाणीपुरवठ्याचे, आरोग्य अधिकारी, शिक्षणाधिकारी, पशुसंवर्धनचे. गावात ज्यांच्या जीपची धूळ दिसली तरी लोक उठून उभे राहत, ते साहेब लोक इथे रुमालाने मान पुसत होते. कारण कोण कुठल्या गावचा प्रश्न काढेल याचा नेम नव्हता. धोतर-टोपीतले एक वयस्कर सदस्य उठले. आमच्या गटातल्या, म्हणजे मतदारसंघातल्या, गुरांच्या दवाखान्यात लस ठेवायचा फ्रीज आठ महिने बंद आहे, म्हणाले. अधिकारी म्हणाले, दुरुस्तीला दिलाय. "कुणाकडे दिलाय, त्याचं नाव सांगा." नाव काही आलं नाही. सभागृह एवढं शांत झालं की पंख्याची घरघर ऐकू यायला लागली.

पण अण्णा ज्या सभेबद्दल अजून बोलतात ती १९९२ च्या निवडणुकीनंतरची. बायकांसाठी पहिल्यांदाच तीस टक्के जागा राखीव झाल्या होत्या आणि सभागृहात एकदम लुगड्यांची, नऊवारीची रांग आली. अनेकींचे नवरे बाहेर व्हरांड्यात उभे असायचे, काही तर आत येऊन मागे बसायचे. डोंगरपट्ट्यातल्या एक बाई होत्या. पहिल्या काही सभा त्या तोंडातून शब्द न काढता बसून राहिल्या. चहा आला तरी बशीला हात लावायला लाजत. आणि एका सभेत ऐनवेळच्या विषयांत त्या उठल्या. पदर दोन्ही खांद्यांवर ओढून घेतला, माइक नको म्हणाल्या आणि विचारलं, आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई रातच्याला मुक्कामाला असत्यात का? आरोग्य अधिकारी म्हणाले, हो, मुख्यालयी राहतात. बाई म्हणाल्या, "मग माझी जाऊ बैलगाडीत का बाळंत झाली?"

अण्णांनी इतिवृत्तात लिहिलं: उपकेंद्रातील परिचारिकेच्या मुख्यालयी वास्तव्याबाबत सदस्यांनी विचारणा केली, आरोग्य अधिकारी यांनी चौकशी करून पुढील सभेत अहवाल सादर करावा.

यात बैलगाडी कुठे गेली, असं मी त्यांना मोठी झाल्यावर विचारलं होतं. इतिवृत्तात बैलगाडी लिहीत नाहीत, म्हणाले. पण 'पुढील सभेत' हे दोन शब्द त्यांनी आठवणीने घातले होते, आणि तीच त्यांच्या मते त्या कागदातली ताकद. कारण पुढच्या सभेला पहिला विषय मागचं इतिवृत्त कायम करण्याचा आणि त्यापाठोपाठ अनुपालन अहवाल, म्हणजे ठरलेलं केलं की नाही याचा. साहेबांना त्याच बाईंसमोर, त्याच सभागृहात उत्तर द्यावं लागलं. दरम्यान उपकेंद्राच्या खोलीचं गळकं छप्पर दुरुस्त झालं होतं आणि नर्सबाई राहायला आल्या होत्या. त्यासुद्धा बिचाऱ्या त्या गळक्या खोलीत कशा राहणार होत्या? तेही त्या प्रश्नामुळेच कळलं.

हे सगळं ज्यांनी बांधलं त्यांना काय हवं होतं, हे मी नंतर वाचलं. आमचे आजोबा शेवटपर्यंत 'लोकल बोर्डाची शाळा' म्हणायचे. झेडपीआधीच्या त्या बोर्डांकडे अधिकार थोडे आणि पैसा त्याहून थोडा. विदर्भात जनपद सभा होत्या, मराठवाड्याची निजामाच्या राज्यातली वेगळीच तऱ्हा. महाराष्ट्र झाला त्याच वर्षी यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वसंतराव नाईकांची समिती नेमली. दिल्लीच्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुक्यावर, म्हणजे विकास गटावर होता. नाईक समितीने वेगळी वाट धरली आणि जिल्ह्याला बळ दिलं. शाळा, दवाखाने, रस्ते, लहान तलाव, शेती, गुरं हे सगळं एका निवडलेल्या सभागृहाच्या हाती. १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मला त्यातली सगळ्यात धाडसाची वाटते ती गोष्ट म्हणजे कोणाला बाहेर ठेवलं. ज्या कलेक्टरच्या नावाने शंभर वर्षं जिल्हा चालला, त्यांना या घरात जागा नाही. आमदार-खासदारांनाही सदस्यत्व नाही. आयएएस अधिकारी असतील, पण मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून, सभागृहाने ठरवलेलं पार पाडण्यासाठी. ज्या पिढीने साहेबासमोर चपला काढून उभं राहिलेल्या बापांना पाहिलं होतं, तिने हे लिहिलं. आणि त्या सभागृहातून माणसं घडलीही. शेजारच्या सांगलीत आर. आर. पाटील १९७९ मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून आले, अकरा वर्षं तिथे बसले आणि मग विधानसभेत गेले. पुढे ग्रामविकास खातं हाती आल्यावर त्यांनी गाडगेबाबांच्या नावाने स्वच्छता अभियान काढलं, तेव्हा हा माणूस गावचा उकिरडा ओळखतो हे कोणाला सांगावं लागलं नाही.

झेडपीचं सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात बदल्यांचा मोसम आला की आमच्या ओसरीवरसुद्धा शिक्षकांच्या चपला दिसायच्या. अण्णांच्या हाती काही नाही हे माहीत असूनही माणसं यायची, कारण मेंबरच्या ओसरीवर पाय ठेवायला त्याहून जास्त काहीतरी घेऊन जावं लागे. त्या बदल्या ऑनलाइन झाल्या हे फार चांगलं झालं. रस्त्याचं काम मेंबरच्या मेहुण्याला, डांबराचा थर कागदावर एक आणि जमिनीवर दुसरा. अध्यक्ष निवडीच्या आधी सदस्यांना गाड्यांत घालून कुठेतरी नेऊन ठेवायचं आणि मतदानाच्या सकाळी परत आणायचं. २०११ मध्ये बायकांचं आरक्षण पन्नास टक्के झालं तरी घराच्या पाटीवर नवऱ्याच्या नावाखाली 'जि. प. सदस्य' हे अजून दिसतं. याचा मला राग येतो आणि तो कमी होऊ नये असंच वाटतं. प्रशासक आले तेव्हा माझ्या ओळखीतल्या बऱ्याच शिकल्या-सवरल्या लोकांना बरं वाटलं होतं. खरं सांगायचं तर मलाही थोडं वाटलं. आता कटकट नाही, फायली पटापट सुटतील. काही ठिकाणी सुटल्याही. चांगले, तरुण, रात्री दहापर्यंत काम करणारे अधिकारी आले, शाळांना पडदे आणि संगणक मिळाले.

पण अण्णांनी मला एक कागद समजावून दिला आणि माझं मत फिरलं. प्रशासकाच्या काळात सभा होते, म्हणजे कागदावर होते. सर्वसाधारण सभेचे अधिकार प्रशासकाकडे, स्थायी समितीचे प्रशासकाकडे, विषय समित्यांचेही त्यांच्याकडे. विभागाने विषय सादर केला, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी शिफारस केली, प्रशासकांनी ठराव मंजूर केला. आणि मुख्य कार्यकारी अधिकारी तेच प्रशासक. शिफारशीखाली जी सही, तीच मंजुरीखाली. माणूस कितीही सचोटीचा असो, स्वतःला उभं करून "कुणाकडे दिलाय, नाव सांगा" असं तो विचारणार कसा? पन्नास ते पंच्याहत्तर माणसांनी करायचं काम एका सहीत होतं तेव्हा त्यातून आधी भांडण जातं, आणि भांडणासोबत गावांची नावं जातात. कुठल्या वाडीचा फ्रीज बंद आहे, हे कोणी बोलायचं?

आमच्या ओढ्यावरच्या मोरीचं, म्हणजे छोट्या पुलाचं, उदाहरण सांगते. गावापासून वाडीकडे जाणारा रस्ता ग्रामीण मार्ग आहे, म्हणजे झेडपीचा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामचे. त्याखालचे इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग झेडपीचे. या रस्त्यावर ओढ्याला दोन पाइपांची मोरी होती. पावसात एक पाइप उघडा पडला आणि कडेचा भराव वाहून गेला. दुचाकी कशीबशी जाते. ऊस तुटायची वेळ आली की ट्रॅक्टर लांबच्या वाटेने वळवावे लागतात, आणि वाडीतल्या पोरांना पाणी आलं की शाळा बुडते. नाना, म्हणजे माझे चुलते, अर्ज घेऊन फिरले. एका कार्यालयात सांगितलं, तीस चौपन्नमध्ये बसेल, पण यंदाचा आराखडा गेला. दुसरीकडे सांगितलं, जिल्हा नियोजनकडे टाका. तिसऱ्याने सुचवलं, आमदारांचं पत्र आणा, पंचवीस पंधरामधून होईल. लेखाशीर्षांचे, म्हणजे सरकारी खर्चाच्या खात्यांचे, हे आकडे नानांना आता नातवंडांच्या जन्मतारखांसारखे पाठ आहेत. कोणीही वाईट बोललं नाही. खुर्ची दिली, चहा विचारला, अर्जावर आवकचा शिक्का मारून पोच दिली. नानांच्या पिशवीत पोचपावत्यांची गड्डी आहे. प्रत्येकीवर जांभळा, थोडा पसरलेला गोल शिक्का आणि पेनने टाकलेला नंबर. मोरी तशीच आहे. पूर्वीचा मेंबर काही फार कर्तबगार नव्हता, हे नाना स्वतःच म्हणतात. पण त्याच्या दारात सकाळी सातला जाऊन बसता यायचं. त्याला पुढच्या वेळी वाडीची मतं हवी असायची, म्हणून तो सभेत निदान तोंड उघडायचा.

पैशाचंही असंच झालं आहे. निवडून आलेली माणसं असतानाच झेडपीची तिजोरी आकसायला लागली होती. स्वतःचं उत्पन्न म्हणजे जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा आणि किरकोळ भाडी. सातबाऱ्यामागे महसूल किती येतो हे गावातल्या कोणालाही विचारा, मग त्यावरचा उपकर किती असेल ते कळेल. या सेस फंडातून वीस टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला-बालकल्याणला, पाच टक्के दिव्यांगांसाठी काढून ठेवायचे, आणि उरलेल्यावर सगळ्या सदस्यांनी आपापल्या गटासाठी ओढाताण करायची. जिल्हा नियोजन समितीच्या खुर्चीवर पालकमंत्री. चौदाव्या वित्त आयोगाने तर सगळा पैसा थेट ग्रामपंचायतींना दिला. गावाला थेट पैसा मिळाला याचा आनंदच आहे, पण दोन गावांना जोडणारी मोरी कोणत्या ग्रामपंचायतीने बांधायची? पंधराव्या आयोगात आपल्याकडे जिल्हा परिषदेला आणि पंचायत समितीला दहा-दहा टक्के परत आले. पण २०२२ नंतर ते खर्च कशावर करायचे हे ठरवायला बहुतेक सभागृहांत कोणी उरलं नाही.

अण्णांच्या लेखी हे पहिल्यांदा घडलेलं नाही, आणि त्यांना दुःख त्याचंच जास्त. १९७९ ला निवडणूक झाली ती पुढची थेट १९९२ ला. त्यांच्या उमेदीच्या काळात त्यांनी मुदतवाढी पाहिल्या, शेवटी प्रशासकही पाहिले. त्या असल्या अनुभवांतूनच घटनेची ७३ वी दुरुस्ती झाली, १९९३ च्या एप्रिलमध्ये लागू झाली आणि पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे असं त्यात लिहिलं गेलं. राज्य निवडणूक आयोग आला. "आता हे परत होणार नाही, असं आम्ही ऑफिसात एकमेकांना सांगितलं होतं," अण्णा म्हणाले. मग ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेला, गटांची संख्या वाढली आणि पुन्हा कमी झाली, तारखा पडत गेल्या. ओबीसींना जागा मिळायला हव्यात याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या मिळाव्यात म्हणून लागणारी माहिती वेळेत गोळा करणं हे सरकारचं काम होतं, आणि त्या दिरंगाईत सगळ्यांच्याच जागा रिकाम्या राहिल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, मग ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली.

ऑक्टोबरात आरक्षण सोडत झाली आणि आमचा गट महिलांसाठी राखीव निघाला. दिवाळीत गावात फटाक्यांपेक्षा जास्त चर्चा त्याचीच होती. कुणाच्या सुनेला, कुणाच्या आईला उभं करायचं याची गणितं पारावर चालली होती. आमच्या शेजारच्या वाड्यातली सून बचत गटाची सचिव आहे, बारावी झालेली, हिशेबाला पक्की. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती संध्याकाळी मागच्या दाराने आली. सासऱ्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, नवरा म्हणतो बघू, पण तिला स्वतःला उभं राहायचं आहे. तिकीट, पैसा, प्रचार यातलं ती काहीच बोलली नाही. तिचा प्रश्न एवढाच, की निवडून आलेच तर तिथे जाऊन नेमकं करायचं काय?

अण्णा उठून चष्मा घेऊन आले. मी गावी आल्यापासून त्यांना इतकं सरळ बसलेलं पाहिलं नव्हतं. तिला वही काढायला लावली आणि ते सांगत गेले, ती लिहीत गेली. विषयपत्रिका हातात आली की आधी शेवटचं पान वाचायचं. ऐनवेळच्या विषयात मोठ्या खर्चाचा विषय घुसवला असेल तर हरकत घ्यायची. प्रश्न लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. तोंडी उत्तर मिळालं तर आकडा मागायचा. आणि पहिल्या सभेत, सत्कार झाले, हार-तुरे झाले की उठून विचारायचं: मार्च २०२२ पासूनचे प्रशासकांचे सगळे ठराव, विभागवार यादी करून, किती मंजूर, किती खर्च, कुठलं काम कुठल्या गावात, हे सभागृहापुढे ठेवा. मोरी त्यात आहे का तेही बघ, असं नाना मधूनच म्हणाले.

"आणि काका, नाही दिली यादी तर?" तिने विचारलं.

"तर इतिवृत्तात नोंद घ्या म्हणायचं. सदस्यांनी मागणी केली असं गुळमुळीत लिहितील. मान्य करायचं नाही. तुझं नाव, गटाचं नाव, आणि पुढील सभेत सादर करावी. हे तिन्ही येईपर्यंत खाली बसायचं नाही, पोरी."

तिने 'पुढील सभेत' खाली दोन रेघा ओढल्या आणि गटाचा क्रमांक किती, तो तिने अण्णांना विचारून घेतला.